दिवस उलटला

माझ्या कामाला धड नाव नाही. एका साप्ताहिकात येणारं गूढ शब्दकोडं छपाईला जाण्याआधी मी सोडवते. उत्तरं माझ्याकडे पाठवायची नाहीत, हा नियम मीच घालून घेतलाय. अडले, तर खोट सूत्रात आहे की माझ्यात, एवढं ठरवायचं. बहुतेक वेळा माझ्यात असते.

गूढ कोड्यात प्रत्येक सूत्र उत्तराकडे दोन वाटांनी जातं. एका टोकाला सरळ अर्थ असतो, उरलेल्यात शब्दाची मोडतोड. 'पालीच्या पोटात ऊ गेली, आता पुढे टाका (३)': पाल या शब्दाच्या मध्ये ऊ घातली की पाऊल. 'नवरा हळूच पोटात दडवतो तिसरा अवतार (३)': 'नवरा हळूच' एका दमात वाचा, आत वराह बसलेला दिसेल. दोन्ही वाटा एकाच घरी पोचल्या की पटतं, विचारायला जावं लागत नाही. 'हा काय चावटपणा' असं लिहिणारे वाचक बहुधा एकाच वाटेने गेलेले असतात.

इंग्रजीत चौकोनात एक अक्षर सुटं बसतं. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खं बिऱ्हाड बसतं आणि शब्द उलटा केला की बिऱ्हाडासकट उलटतं. 'राज'चं 'जरा' होतं, म्हणजे म्हातारपण. 'नवजीवन' कुठूनही वाचा, नवजीवनच. असं अख्ख्या बिऱ्हाडाने उलटणं इंग्रजीवाल्यांना कधी मिळणार नाही. पण याच बिऱ्हाडाने त्या दिवशी माझा जीव खाल्ला.

एका कोपऱ्यात १२ आडवा आणि १२ उभा, दोन्ही दोन अक्षरी, पहिलं घर सामाईक. आडवं सूत्र: 'दिवस उलटला तर पात्रात सापडेल (२)'. उभं: 'वर्ष उलटलं, पण दुखरी राहिली ती (२)'.

आडवं मला दहा सेकंदांत सुटलं. दिवस म्हणजे वार, वार उलटा केला की रवा. पात्रात, म्हणजे भांड्यात, रवा सापडतो. व्याख्या जरा ढिली वाटली, पण मोडतोड चोख होती. शाईने लिहिलं. शाईने लिहिणं ही माझी जुनी खोड, घमेंडच म्हणा.

मग उभा शब्द र ने सुरू झाला. दुखरी, स्त्रीलिंगी, दोन अक्षरं: रग! हाताला रग लागते, दुखतेच. उलटा केला की गर. आता गर म्हणजे वर्ष कसं? मोल्सवर्थचा १८५७ च्या आवृत्तीचा कोश काढला. गर म्हणजे फळातला मगज, हे मलाही ठाऊक होतं. तरी मी जुन्या पोथ्यांत गर म्हणजे वर्ष असा काही अर्थ असेल का, म्हणून तासभर घालवला. एक चुकीचं अक्षर शाईने लिहिलं की माणूस कोशालाच खोटं पाडायला निघतो.

जेवून आल्यावर 'दुखरी' शब्द मोठ्याने म्हटला आणि पुढचं आपोआप तोंडात आलं: दुखरी नस. सन उलटा, नस. म्हणजे पहिलं घर न. म्हणजे आडवा शब्द न ने सुरू, पात्रात सापडणारी: नदी. दिवस म्हणजे दिन. आणि दिन उलटा केला की होतं नदि. ऱ्हस्व.

मी भडकले. कोडेकार वयाने मोठे, मी त्यांना काका म्हणते. फोन लावला.

"काका, दि पहिली आहे. नदीची दुसरी."

"मला माहीत आहे ना," काका म्हणाले. "पण मराठीत शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी दीर्घच लिहितात की नाही? संस्कृतात कवि, आपल्याकडे कवी. 'कविता' या शब्दात मात्र ती मध्ये येते, म्हणून ऱ्हस्व. 'दि' सुरुवातीला होती तोवर ऱ्हस्व. मी तिला शेवटी नेली, ती नियमानेच दीर्घ झाली."

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही सुचलेलं नाही. हा नियम शब्दांना लागतो, चौकोनांना नाही, असं मी म्हणाले, पण म्हणतानाच ते लंगडं वाटलं. मग मी अफ्रीतला मध्ये आणलं. या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या इंग्रज कोडेकाराने १९४९ मध्ये लिहून ठेवलंय: मी म्हणतो तसंच मला म्हणायचं असेल असं नाही, पण मला जे म्हणायचंय ते मी म्हटलेलं असलंच पाहिजे. "सूत्र पाळून सोडवणाऱ्याला रवा मिळतो," मी म्हटलं, "आणि तुमचा नियम मनात आणणाऱ्याला नदी. मग तुम्ही म्हटलंय काय?"

"उभा शब्द कशासाठी दिलाय मग?" ते म्हणाले. "आणि 'सापडेल' बघितलंस का?"

बघितलं होतं. 'सापडली' लिहिलं असतं तर उत्तर स्त्रीलिंगी हे फुकट कळलं असतं. आपल्याकडे क्रियापद चुगली करतं, म्हणून चांगला कोडेकार भविष्यकाळात दडतो. काकांच्या सूत्रात एक शब्द वाया जात नाही, आणि मी वेलांटीवरून भांडत होते.

सहाला पानं जायची होती. काका म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर," आणि हे ते नाराज असतानाच म्हणतात. मला दीर्घ दी हवी होती. दिनाऐवजी दीन घेतला, दीन म्हणजे गरीब. एकच शब्द बदलला. अक्षर न् अक्षर चोख, रव्याची वाट बंद. स्वतःवर खूश होऊन पान पाठवलं.

रात्री काकांचा मेसेज आला. "छापून येईल तसं एकदा मोठ्याने वाच."

वाचलं. 'गरीब उलटला तर पात्रात सापडेल.'

आधीच्या सूत्रात संध्याकाळ कलत होती. माझ्या सूत्रात नदीत प्रेत तरंगत होतं. दिवसभर अक्षरं मोजून वाक्य वाचायचंच राहिलं होतं. पान तोवर छपाईला लागलं होतं.

त्या अंकावर एकच पत्र आलं, तेही पालीच्या सूत्राबद्दल, किळसवाणं आहे म्हणून. बुडालेल्या माणसाबद्दल कोणी काही लिहिलं नाही. काकांनी पुढचं कोडं वेळेवर पाठवलं. त्यात १ आडवा होता: 'राज उलटलं की उरतं ते (२)'. मी पेन्सिल घेतली.