अनुभवी असाल तर

मी बेळगावात, टिळकवाडीत घरीच जपानी शिकवते. येणारी पोरं बहुतेक नर्सिंग झालेली, जपानीच्या एन-फोर परीक्षेच्या मागं लागलेली. गेल्या महिन्यात मात्र निपाणीहून एक बाई आली. वय अडतीस, वीस वर्षं ऑर्केस्ट्रात नाचलेली. चपला दारातच काढून उभी राहिली. "मॅडम, एवढं वाचून सांगा की. ॲडव्हान्स द्यायच्या आधी."

काच तडकलेल्या फोनवर गुलाबी जाहिरात. ओसाकाचा क्लब, ताशी ३००० येन, रोजचा रोज पगार, रात्री घरी सोडायला गाडी. मधोमध ठळक अक्षरांत 'केइकेन्शा यूगू'. अनुभवींना प्राधान्य. एजंटानं तिला नेमकं एवढंच सांगितलेलं.

"आमच्यात पंचविशी उलटली की मागच्या रांगेत टाकतेत. तिथं अनुभवाला मान आहे म्हणा की."

आहे, पण तो अनुभव नाचाचा नव्हे. गिऱ्हाइकाशेजारी बसायचं, ग्लास भरायचा, बोलत राहायचं. त्यानं नाव घेऊन बोलावलं तर 'शिमेई'. क्लबात येण्याआधी त्याच्यासोबत बाहेर जेवून त्याला घेऊन आलं तर 'दोहान'. दोन्हीचे पैसे वेगळे. अनुभवी बाई आपली गिऱ्हाइकं सोबत आणते, म्हणून मालकाला ती हवी असते.

"म्हणजे दौलतजादाच," ती हसली. मग गप्प झाली. निपाणीतली गिऱ्हाइकं ओसाकाला कोण नेणार?

व्हिसाचं सांगताना मात्र मला राग आवरेना. कलाकार व्हिसावर स्टेजवर नाचता येतं. खाली उतरून गिऱ्हाइकाजवळ बसायला बंदी. शिकायच्या व्हिसावर आठवड्याला २८ तास काम चालतं, पण असल्या क्लबात भांडी घासलेलीसुद्धा चालत नाहीत. २००४ साली फिलिपिन्समधून ८० हजारांवर माणसं, बहुतेक बायकाच, कलाकार म्हणून जपानला गेली. कागदावर नाच, प्रत्यक्षात कितीजणी ग्लास भरत बसल्या. पुढच्या वर्षी जपाननं नियम कडक केले. पकडलं तर परत पाठवतात बाईला. एजंट इकडंच.

चहा ओतताना मी तिला 'स्नॅक'बद्दल सांगितलं. खायचं नव्हे, छोटा बार. एक काउंटर, सात-आठ खुर्च्या, पलीकडं मालकीण. तिला 'मामा' म्हणतात. पन्नाशी-साठीच्या कितीतरी मामा, काहीजणी तरुणपण क्लबात काढलेल्या. गिऱ्हाइकाची बाटली त्याचं नाव लिहून फळीवर ठेवलेली असते.

"फडमालकीणच की ही," ती सावरून बसली. "आणि उधारी?"

"असते. 'त्सुके' म्हणतात."

"मग आलंच सगळं."

तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर कानडीत एजंटाचं नाव. तिनं फोन उलटा करून टीपॉयवर ठेवला, पर्समधून बसचं तिकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर माझ्याकडून 'त्सुके' लिहून घेतलं.

फोन परत वाजला. ती बशीत चहा ओतत होती.