खेळ रंगात आला की बंद पडणारा संगणक

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या खोलीत २०१८ च्या अखेरीस मी सुटे भाग आणून एक गेमिंग संगणक जुळवला होता. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, सहा जीबीचे जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम आणि ४५० वॉटचा एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) अशी ती जोडणी होती. गेल्या पावसाळ्यापासून मात्र खेळ ऐन रंगात आला की तो अचानक बंद पडू लागला. निळा पडदा नाही, कसला संदेश नाही; पंखे थांबत आणि खोलीत शांतता होई. कार्यालयीन काम किंवा चित्रपट पाहणे तासन्‌तास बिनबोभाट चाले. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात लक्षणे सांगितल्यावर ‘कार्ड गेलंय, नवीन घेऊन टाका’ असे उत्तर मिळाले. नवे कार्ड मला तसेही हवे होते, पण दोष कुठे आहे हे कळल्याशिवाय त्यात पैसे घालण्याची माझी तयारी नव्हती.

पहिला धागा बंद पडण्याच्या तऱ्हेतच होता. कॅबिनेटचे बटण कितीही दाबले तरी संगणक सुरू होत नसे. मागचा एसएमपीएसचा स्विच बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू केला की मगच तो जागा होई. घरातला वीजपुरवठा क्षणभर खालावला असता तर संगणक बहुधा स्वतःहून पुन्हा सुरू झाला असता. स्विच फिरवेपर्यंत अडून बसणे हे एसएमपीएसमधल्या संरक्षक यंत्रणेने स्वतःला कुलूप लावून घेतल्याचे लक्षण आहे. विंडोजच्या घडामोडींची नोंद दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद होती आणि तिच्यात बगचेक कोड (बिघाडाचा क्रमांक) शून्य होता. या नोंदीला अनेकजण रोगाचे नाव समजतात. प्रत्यक्षात ‘मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता’ एवढेच ती सांगते; शून्याचा अर्थ इतकाच, की विंडोजला काही लिहून ठेवायला वेळच मिळाला नाही.

तरीही उष्णतेची शंका फेडणे आवश्यक होते. समुद्राजवळच्या दमट हवेत धूळ हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांवर लेप होऊन बसते आणि नुसत्या ब्लोअरने ती निघत नाही, म्हणून मऊ ब्रशने ती खरवडून काढली. ब्लोअर मारताना पंखा गरगरू नये यासाठी त्याला बोटाने धरून ठेवले. तापमान टिपणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोने केलेल्या नोंदीत बंद पडण्याआधीच्या शेवटच्या ओळीत प्रोसेसर ७१ अंशांवर आणि कार्ड ७६ अंशांवर होते, म्हणजे दोन्ही निर्दोष. मेमटेस्ट८६ या चाचणीत रॅमही उत्तीर्ण झाली.

मग कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या आफ्टरबर्नरमधून त्याची वीजमर्यादा ६० टक्क्यांवर आणली. १२० वॉटचे कार्ड साधारण ७२ वॉटवर बांधले जाताच बंद पडणे थांबले. एवढ्याने कार्ड संशयातून पूर्णपणे सुटत नव्हते, म्हणून एका मित्राचा एसएमपीएस काही दिवस उसना आणून मर्यादा पुन्हा १०० टक्के केली; त्यावर तेच कार्ड एकदाही अडखळले नाही. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने एसएमपीएसमधले वीज साठवणारे कपॅसिटर थकतात आणि कार्डाने क्षणार्धात ओढलेली जादा वीज त्यांना पेलवेनाशी होते. वेष्टनावरचे ४५० वॉट तेव्हा कागदावरच उरतात.

या तपासात आणखी एक गोष्ट उघडकीस आली. कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला हात लागला की बोटाला झिणझिण्या येत. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून धातूच्या सांगाड्याकडे दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर सांगाडा २३० व्होल्टच्या निम्म्यावर तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण जाणवतो. खालच्या मजल्यावरचे, बेस्टच्या वीज विभागातून निवृत्त झालेले काका टेस्ट लॅम्प घेऊन वर आले. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा लख्ख पेटला, फेज आणि अर्थमध्ये मात्र विझलेलाच राहिला. ‘अरे, भोकं तीन आहेत म्हणून अर्थिंग आहे असं धरून चालायचं नसतं,’ ते म्हणाले. मेन स्विच बंद करून सॉकेट उघडला, तर वरच्या पिनेला वायरच नव्हती. परवानाधारक वायरमनने मीटर बोर्डापासून हिरवी वायर ओढल्यावर झिणझिण्या गेल्या. बंद पडण्याशी याचा संबंध नव्हता, पण त्याआधी नवे भाग त्या सॉकेटवर लावणे मला पटले नसते.

पहिली खरेदी म्हणून ६५० वॉटचा, कार्यक्षमतेत ८० प्लस गोल्ड दर्जाचा एसएमपीएस आणला. इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते: मॉड्युलर (केबली सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या जुन्या केबली नव्यावर लावू नयेत. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक बदलते आणि केबल अचूक बसली तरी हार्ड डिस्क जळू शकते.

मग प्रोसेसर बदलायचा होता. नवा रायझन ५ ५६०० मदरबोर्डावरच्या त्याच एएम४ सॉकेटवर बसतो, पण बायोस (मदरबोर्डाची मूळ प्रणाली) जुना असेल तर मदरबोर्ड त्याला ओळखत नाही. म्हणून जुना प्रोसेसर जागेवर असतानाच पेनड्राइव्हवरून बायोस अद्ययावत केला. कूलर काढण्यापूर्वी संगणक थोडा वेळ भाराखाली चालवून थर्मल पेस्ट गरम केली, मग तो बंद करून, प्लग काढून, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवला. एएम४ प्रोसेसरच्या पिना त्याच्याच पोटाशी असतात. थंड कूलर सरळ वर ओढला तर कधीकधी बंद खटक्यातूनही प्रोसेसर उपटून येतो आणि पिना वाकतात. नव्या प्रोसेसरवर पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्डाने एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) नव्याने मांडायचे का, असे विचारले. बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद केलेल्यांनी होकार देण्याआधी रिकव्हरी की हाताशी ठेवावी. बायोस बदलल्यामुळे रॅमचा वेगही ३२०० वरून २१३३ वर घसरला होता. एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) पुन्हा चालू करावे लागले. १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० सर्वांत शेवटी बसवले. ते १७० वॉट मागते, आणि जुन्या एसएमपीएसवर दुकानदाराच्या सल्ल्याने तेच आधी लावले असते तर संगणक अधिक लवकर बंद पडला असता.

जुना प्रोसेसर आणि कार्ड चुलतभावाच्या जोडणीत कामी आले. एसएमपीएस मात्र मी विकला नाही आणि उघडूनही पाहिला नाही, कारण प्लग काढल्यानंतरही त्याच्या मुख्य कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ साठून राहू शकतो. कोणी तो पुन्हा वापरू नये म्हणून बाहेरच्या वायरी कापून तो ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिला.