नोंद ७: अठरा सेकंद आणि एक मूठ

डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळताना जे घडलं त्यावर आम्ही सिनेमा बनवतोय. त्यातली गुहेतली मारामारी आठवडाभरात बसवून टाकू, असं मागच्या नोंदीत छातीठोकपणे लिहिलं होतं. त्याला पाच आठवडे झाले. हसून घ्या.

काल रात्री मात्र गाठ सुटली. डोकं गरम आहे तोवर लिहून काढतोय.

अडलं होतं ते चोरटी या पात्राच्या डेथ सेव्हवर, म्हणजे पडलेलं पात्र जगणार की मरणार हे ठरवणाऱ्या फाशांवर. (हो, आता संहितेत ‘चोरटी’च. आधी खेळातला इंग्रजी शब्द (rogue) ठेवून ‘रोग आत शिरतो’ असं लिहिलं होतं, तर कॅमेरा धरणाऱ्या मित्राने विचारलं, कुठला रोग?) सेशन ३१, म्हणजे खेळाची एकतिसावी बैठक, तुम्हाला पाठ आहे. लढाईच्या सातव्या राउंडला तिचे हिट पॉइंट (जीव) शून्यावर गेले, पुजारी लांब आणि त्याचे स्पेल स्लॉट (मंत्रांचा कोटा) संपलेले. वीस बाजूंचा फासा: पहिल्यांदा ४, दुसऱ्यांदा ७. दोन फेल. तिसऱ्या फाशाला ९ किंवा कमी आलं तर खेळ खलास, म्हणजे मरायची शक्यता ४५ टक्के. आणि पडला नॅट २०, म्हणजे फाशावर थेट वीस: पात्र लगेच शुद्धीवर. टेबलावर जो दंगा झाला तो अजून कानात आहे.

पडद्यावर हाच प्रसंग असा दिसतो: बाई पडते, पडून राहते, उठते. कधीच फासा हातात न धरलेल्या दोघांना रफ कट (कच्चं संकलन) दाखवला. एकाने विचारलं, “ती मेली नव्हती का?” दुसरी म्हणाली, “उठायचंच होतं तर पडली कशाला?” यावर काय बोलणार?

खेळाच्या हिशेबात एक राउंड सहा सेकंदांचा, आणि राउंडला एक सेव्ह. तीन सेव्ह म्हणजे अठरा सेकंद, सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने ४३२ फ्रेम. अख्खी अकरा राउंडची लढाई धरली तरी ६६ सेकंद, आणि आम्ही तिच्यावर तीन तास घालवले होते. टेबलावरचा थरार मारामारीत नव्हताच, तो वाट बघण्यात होता. एवढं कळत होतं, पण ती वाट पडद्यावर आणायची कशी हे कळत नव्हतं.

आधी मध्येच खऱ्या टेबलाचा शॉट टाकून पाहिला. गुहा एका क्षणात पुठ्ठ्याची वाटायला लागली. मग नुसता फासा घरंगळण्याचा आवाज. खेळणाऱ्यांच्या अंगावर काटा आला, बाकीच्यांना वाटलं छतावरून दगड पडतायत. मग स्लो मोशन. त्याबद्दल न बोललेलं बरं. मग पुजाऱ्याची प्रार्थना, म्हणजे देवाने उठवलं असं होतं, आणि चोरटी खेळणारी मैत्रीण भडकली: “मी उठले होते, देव नाही.” बरोबरच होतं तिचं.

शेवटी सेशनचं ऑडिओ रेकॉर्डिंग काढलं. आमच्या सगळ्यांच्या आठवणीत तिने फासा फेकला आणि लगेच वीस पडले. रेकॉर्डिंगमध्ये तसं नाही. चौदा सेकंद कोणी बोलत नाही. मग डीएमचा (खेळ चालवणाऱ्याचा) आवाज: “टाक ना गं.” ती: “थांब.” पुन्हा शांतता. फासा मुठीत होता आणि ती मूठ उघडत नव्हती.

मला हवं होतं ते हेच. दान नव्हे, मूठ!

आता प्रसंग असा. चौथ्या प्रसंगात चोरटी पुजाऱ्याची छोटी घंटा ढापते (हे टेबलावरही घडलं होतं, फक्त तेव्हा त्याचा पुढे काही उपयोग झाला नाही). शेवटी ती कोसळते तेव्हा घंटा मुठीत, वाजू नये म्हणून घट्ट दाबलेली, कारण गुहेतला राक्षस, म्हणजे खेकडा, आवाजावर येतो. तिकडे तो पुजाऱ्यावर चाल करून जातोय. अठरा सेकंद आपण फक्त मूठ बघतो. मग ती मूठ उघडते. घंटा वाजते, खेकडा वळतो, आणि ती उठते.

आमच्या जादूगाराला (म्हणजे ते पात्र खेळणाऱ्याला) हे पटलेलं नाही. तो म्हणतो, ते नशीब होतं, तू त्याचं शौर्य केलंस. आक्षेप अर्धा मान्य आहे. पण टेबलावरचं नशीब सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडतं, सिनेमातलं नशीब लेखकाच्या खिशातून निघतं, आणि प्रेक्षकाला ते लगेच कळतं.

हे लिहिता लिहिता लक्षात आलं की खेकडा आवाजावर येत असेल तर त्याला दिसायला नको. आणि मी गेले दोन महिने त्याचे डोळेच बनवतोय!

(बेहोल्डर, म्हणजे खेळातला देठांवर डोळे असलेला प्रसिद्ध राक्षस, का नाही, हे पुन्हा विचारू नका. एसआरडी ५.१ (खेळाच्या नियमांची खुली आवृत्ती) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे, श्रेय दिलं की वापरता येते, पण तिच्यात बेहोल्डर दिलेला नाही. म्हणून आपला घरचा खेकडा, देठांवर सात डोळे.)

देठ ईव्हीए फोमचे, आत तार. कॉन्टॅक्ट सिमेंट दोन्ही बाजूंना लावून, चिकटसर होईपर्यंत थांबून मगच जोडायचं, हे घाईत विसरलो आणि दोन देठ ऐन टेस्टमध्ये गळून पडले. शिवाय ‘लवचिक’ म्हणून ऑनलाइन विकलेला एक प्रायमर (रंगाआधीचा थर) पहिल्याच वाकवण्यात तडकला. त्या विक्रेत्याकडून पुन्हा काही घेणार नाही. हीट गनने फोमची छिद्रं बंद करून घेतली आणि दुसरा प्रायमर लावला, तो टिकलाय.

आता डोळे फेकून देणार होतो, पण थांबा. बुबुळांवर पांढरा रंग मारला तर? देठ हलतात, सगळीकडे वळतात, आणि दिसत काहीच नाही. उघड्या डोळ्यांपेक्षा हे जास्त भयानक आहे. आत्ताच एका डोळ्याला रंग लावून दिव्याखाली धरला, आणि मीच जरा मागे सरकलो.

आणखी एक. चोरटी जमिनीवरच आहे, तर ते अठरा सेकंद कॅमेराही जमिनीवर ठेवू. वर धुरात फक्त देठ हलताना दिसतील. मग खेकड्याचं अंग बनवायचं कामच उरत नाही, दोन नांग्या पुरे. ब्लेंडर सॉफ्टवेअरच्या ग्रीस पेन्सिल या रेखाटनाच्या साधनात अर्ध्या तासात अॅनिमॅटिक (प्रसंगाचा हलता कच्चा आराखडा) रेखाटलं. अशा कामाला याहून बरं फुकट साधन माझ्या पाहण्यात नाही. जादूगाराला पाठवलं. त्याचं उत्तर आलं: “घंटेचा आवाज बदल, सायकलची वाटते.”

उद्या घंटा शोधायला निघतोय. उरलेले सहा डोळे रविवारी.