एकच किक पुन्हा शिकताना

कराटेतली मावाशी गेरी, म्हणजे बाजूने वळवून मारायची किक, बारा वर्षांच्या सरावाने माझ्या इतकी अंगवळणी पडली होती की, सोलापुरातली गड्ड्याची यात्रा आटोपून होम मैदान मोकळे झाल्यावर मी तिथे पहाटे मुए थाई, म्हणजे थायलंडची लढतीची कला, शिकायला जाऊ लागलो, तेव्हा निदान या किकसाठी तरी वेगळे कष्ट पडणार नाहीत असे मी गृहीत धरले होते. दुसऱ्याच आठवड्यात सरावाच्या लढतीत माझे पाऊल जोडीदाराच्या कोपरावर आदळले. हाड मोडले नव्हते, परंतु पावलाची वरची बाजू टम्म सुजली आणि तीन आठवडे चप्पलसुद्धा घालता येत नव्हती.

घरी बसून विचार करताना चूक उमगली. कराटेत आधी गुडघा उचलायचा, नडगी दुमडून ठेवायची, गुडघ्यातून पाय झटक्याने सोडायचा आणि लागलीच मागे ओढायचा, कारण स्पर्धेत डोक्यावरच्या किकला ३ आणि अंगावरच्या किकला २ गुण मिळत असले तरी फटका आवरलेला असावा लागतो. मुए थाईत मात्र पाय कमरेतून फिरतो आणि पावलाऐवजी नडगी लागते. समोरच्याने अडवले तरी नडगी ते सोसू शकते, पावलाची नाजूक हाडे सोसू शकत नाहीत.

बरा होऊन परतलो, तरी किकमध्ये वजन उतरेना. मी उडणाऱ्या पायाकडेच लक्ष देत होतो. सर म्हणाले, "तो पाय नंतर बघू. खालची टाच कुठं बघतीय ते बघ आधी." आधाराच्या पायाचा चवडा नीट वळला, तर मैदानाच्या मातीत अर्धचंद्रासारखी स्वच्छ खूण उमटते. सरांच्या पायाखाली ती उमटत होती आणि माझ्या पायाखाली नुसती फरपटल्याची रेघ. टाच समोरच्याकडे वळल्याशिवाय कंबर उलटत नाही आणि कंबर उलटल्याशिवाय नडगीला जोर येत नाही, हे मला त्या मातीने शिकवले. किक मारणाऱ्या पायाच्या बाजूचा हात खाली झटकल्याने धड कसे फिरते, तेही तिथेच कळले. तशी खूण सलग दहा वेळा उमटायला मला जवळजवळ चार महिने लागले.

दरम्यान, तायक्वांदो खेळणारा माझा भाचा सुट्टीला आला होता. त्याचा गुडघा सरळ समोर वर येतो, त्यामुळे किक पोटावर येणार की डोक्यावर, याचा अंदाज शेवटपर्यंत लागत नाही. त्यांच्या नियमांत अंगावरच्या किकला २, डोक्यावरच्या किकला ३ आणि गिरकी घेऊन मारलेल्या किकला ४ किंवा ५ गुण असतात, तर ठोशाला १, म्हणून पुढच्या पायाचा वेग त्यांना फार मोलाचा वाटतो. कमरेखाली मारायला मनाई असल्याने मांडीचा बचाव करण्याची सवय मात्र त्याला नव्हती. ती मलाही नव्हती. कराटेच्या लांब पवित्र्यात वजन पुढच्या पायावर राहायचे आणि मैदानावर नेमकी तीच मांडी रोज काळीनिळी व्हायची.

गेल्या महिन्यात जुन्या कराटे वर्गात गेलो, तेव्हा माझा पाय मागे ओढला जायला उशीर होतो, हे तिथल्या सरांनी पहिल्याच फेरीत हेरले. आता संध्याकाळी मी भिंतीसमोर उभा राहून पन्नास वेळा फक्त पाय मागे ओढण्याचा सराव करतो, आणि पहाटे मैदानावर तीच किक नडगीने मारतो.