सवय झाली म्हणे

शनिवार. साडेअकरा वाजून गेलेत.

मागच्या गॅलरीत बसलो होतो. पाइप एकदाचा नीट लागला होता, धूर सरळ दोरीवरच्या कपड्यांवर जात होता आणि मी मनाची तयारी करूनच बसलो होतो. नंदा आली. माझ्या खुर्चीला वळसा घालून तिने टॉवेल काढले, माझा निळा शर्ट काढला, घडी घातली आणि निघाली. मला राहवेना.

‘‘वास नाही आला?’’

‘‘कसला?’’

‘‘याचा.’’

‘‘अं? आला असेल. सवय झाली हो आता,’’ म्हणाली आणि दुधाला विरजण लावायला आत गेली. दारही उघडंच ठेवलंन.

आता यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं. कपड्यांवरून कटकट नाही, पडद्यांवरून नाही, ‘पाहुणे यायच्या आत आवरा ते’ नाही. तरी मघापासून ते वाक्य डोक्यातून हलत नाही. पाइप अर्ध्यावर विझला तो पुन्हा पेटवला नाही.

लताकिया हा धुराच्या वासाचा तंबाखू मला माझ्या मित्राने, सुऱ्याने लावला. त्याआधी मी ते व्हॅनिला नि चेरीचे गोड तंबाखू ओढायचो. त्या काळात मी दिवाणखान्यात बसून पाइप ओढत असे आणि आलेगेलेसुद्धा ‘छान वास येतोय हो’ म्हणत. मग सुऱ्याचा डबा आला. पहिल्यांदा पेटवला आणि नंदा तव्यावरची पोळी तशीच टाकून धावत बाहेर आली. दूध लागलं की काय म्हणून. दूध फ्रिजमध्ये होतं. मग तिने नाक माझ्याकडे वळवलं. म्हणाली, आजोळी गोवऱ्यांच्या चुलीवर दूध धुरकटायचं, त्याचा अगदी असा वास. ते दूध मी आयुष्यात प्यायले नाही, आणि हा माणूस पैसे देऊन तोच धूर घरात आणतो.

या तंबाखूबद्दल जाणकारांनी काय काय लिहिलेलं मी वाचलंय. जुनं कातडं, चर्चमधला धूप, विझत आलेली शेकोटी. नंदाच्या धुरकट दुधाच्या जवळपासही कोणी आलेलं नाही. आणि ती बरोबरच होती. ते पान धुरातच तयार होतं. आधी उन्हात वाळवतात, मग बंद कोठारात टांगून खाली मंद धुमी लावतात. पाइनचं लाकूड, मर्टल, मस्तकीची झुडपं, जे त्या डोंगरात उगवतं ते. आठवडेच्या आठवडे धूर खाऊन पान काळंकुट्ट होतं. नाव सीरियातल्या बंदराचं, पण आज डब्यात येतो तो सायप्रसचा. पीक जास्त आलं म्हणून कोणीतरी घराच्या आढ्याला पानं टांगून ठेवली, खाली चूल पेटत राहिली आणि हा तंबाखू जन्माला आला, अशी एक दंतकथाही आहे. मला ती खरी वाटत नाही, पण आवडते. कोणाच्या तरी बायकोने तिथेही ‘हे काय आणि!’ म्हटलं असणार.

(2023च्या फेब्रुवारीत तिकडे भूकंप झाला तेव्हा पेपरात लताकिया हे नाव वाचलं आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते मी त्या दिवशीच्या पानावर लिहिलेलं नाही. आजही लिहीत नाही.)

तर ‘सवय झाली’.

पहिला संशय आला तो नाकाचा. कोविडात माझा वास गेला होता, नंदाचाही. तिचा लवकर परतला, माझा रेंगाळत. तो काळ आठवला की अजून पोटात गोळा येतो. तेव्हा मी डबा उघडून त्यात नाक खुपसून बसायचो आणि समोर नुसती काळीपिवळी कात्रणं. म्हणून मघाशी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि हिंगाची डबी उघडली. मस्तकात गेला. म्हणजे नाक ठीक आहे. नंदा बघत होती. ‘‘हिंग संपत आलाय, माहितेय मला,’’ म्हणाली.

दुसरा संशय हवेचा. श्रावणात पुण्यात काही वाळत नाही आणि ओलसर तंबाखू म्हणजे पाइपमध्ये वाफ. तळाशी गुरगुर होते, तीन-तीनदा काडी लावावी लागते आणि चवीचं मातेरं होतं. पण आज मी दुपारपासून चिमूट-दोन चिमूट पंख्याखाली पेपरावर पसरून ठेवला होता. चिमटीत दाबून सोडला की मोकळा होत होता, कुरकुरीतही झाला नव्हता. भरलाही नीट, खाली सैल, वर जरा दाबून. पहिल्या काडीला वरचा थर फुगून आला, तो टॅम्परने हलकेच बसवला, मग खरी काडी. तिथे काही चुकलेलं नाही.

तंबाखूच बदलला म्हणावं तर तेही सोपं आहे. मी ओढतो तो नाइटकॅप, लताकियाचंच एक मिश्रण, आधी डनहिलच्या नावाने मिळायचा, त्यांचे पाइपचे तंबाखू बंद झाल्यावर तीच मिश्रणं पीटरसनच्या नावाने आली. तेव्हापासून सुऱ्या ‘आता ती मजा नाही’ म्हणतो. सुऱ्या हे पोह्यांबद्दलही म्हणतो. मला माझ्या जुन्या डब्यात आणि या डब्यात शपथेवर सांगण्यासारखा फरक कधी कळला नाही.

राहतो मी.

खरं म्हणजे गेले काही आठवडे मलाही चव सपाट लागतेय. ते मी तंबाखूच्या नोंदवहीत लिहिलं नाही इतकंच. डबा उघडला की वास येतो, जोरात येतो. पहिले चार-पाच झुरके येतो. मग धूर नुसता ऊनऊन लागतो, जाड, आणि त्यात काही सापडत नाही. जिभेला कळतात त्या चवी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच, बाकीचं सगळं नाक करतं, आणि नाक एकसारख्या वासाला फार लवकर कंटाळतं. वासाची यंत्रणा उलगडली म्हणून 2004 साली ॲक्सेल आणि बक या दोघांना नोबेल मिळालं. तो लेख मी तेव्हा कापून ठेवला होता. कोविडात पुन्हा काढून वाचला, काही उपयोग झाला नाही. आणि लताकियाचं तर पाइपवाल्यांत प्रसिद्धच आहे. रोज ओढला की एक दिवस तो दिसेनासा होतो. मग माणूस आणखी काळा, आणखी धुराचा डबा शोधतो.

म्हणजे नंदा जे सहज बोलून गेली ते मी रोज पाइप भरताना अनुभवतोय. तिला निदान ते हवं होतं.

आणि हेही लिहूनच टाकतो. या घरात मला अडवणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं. ऑफिस सुटलं. चिन्मयचा फोन रविवारी, त्यातही तो स्पीकरवर आणि भांडी घासत. अप्पा होते तेव्हा पाइप लपवावा लागायचा, त्यातही एक गंमत होती. आता मी धूर सोडतो आणि तो कोणाच्याच नाकात जात नाही. उद्या मी गॅलरीत बसलोय की नाही हेही कोणाला... जाऊ दे. हे असलं रात्री लिहू नये.

भाऊजींचं वर्ष आठवलं मधेच. धूर छातीत घेत नाही म्हणून सगळं माफ होत नाही, हे मला माहीत आहे. डब्यावरचं चित्र बघायची हिंमत नाही म्हणून मी तंबाखू लोणच्याच्या बरणीत ओतून ठेवतो. असो.

वही काढली. मागची पानं वाचत बसलो आणि जरा हसूच आलं. इतका गंभीर चेहरा करून मी हे लिहीत होतो! नाइटकॅपवर पहिल्यांदा लिहिलेली नोंद: ‘धूर पुढे, पण एकटा नाही. मागून तुर्की पानांचा आंबूस सूर, तळाशी व्हर्जिनियाची गोडी. मध्यावर पेरीकची मिरी, नाकाने धूर सोडला तरच कळते. रात्रीच. उपाशीपोटी नको.’ शेवटची ओळ खाली लाल पेनाने दोनदा अधोरेखित. त्या रात्री काय झालं होतं ते नंदाला विचारावं लागेल.

पण नोंद चांगली आहे. (तुर्की, व्हर्जिनिया, पेरीक ही त्या डब्यातली लताकियाच्या जोडीची पानं.) आजही तीच लिहीन. धुराचं मिश्रण कसं जोखायचं तर धूर किती यावरून नाहीच. नुसता लताकिया भरून बघितलाय मी. एकसुरी, भिंतीसारखा, आणि गंमत म्हणजे वाटतो तितका कडकही नाही. दिसायला काळा, वासाला दांडगा, पण साखर जवळजवळ नाही, त्यामुळे थंड आणि सावकाश जळतो, जीभ भाजत नाही. जीभ भाजते ती व्हर्जिनिया, घाईने ओढली की. नाइटकॅपमधली डोकं गरगरवणारी ताकद माझ्या मते बरीचशी पेरीकची. तो लुइझियानातल्या सेंट जेम्स पॅरिशमध्ये पिंपात दाबून, स्वतःच्याच रसात महिनोन्महिने आंबवतात. म्हणजे एक पान धुरात कोंडलेलं, एक पिंपात दाबलेलं, एक भट्टीच्या उष्णतेने सुकवलेलं, एक नुसतं उन्हात ठेवलेलं, आणि हे सगळं एकत्र करून कोणीतरी 50 ग्रॅमच्या डब्यात बसवलं. आणि मी त्यातलं काय हुंगायचो? धूर.

त्याच वहीत अर्ली मॉर्निंग पाइप नावाच्या मिश्रणाला मी ‘पुचाट’ म्हटलंय. 965 नावाच्या मिश्रणाला ‘सभ्य’. पुचाट कशावरून, तर नंदा आतून काही बोलली नाही यावरून! तसं शब्दात लिहिलेलं नाही, पण ज्या नोंदींपुढे आठ-नऊ गुण आहेत त्या दिवशी घरात काहीतरी ऐकून घ्यावं लागलंय, हे पानापानावर दिसतं. ‘नंदा खिडक्या उघडते आहे. उत्तम.’ हे माझं वाक्य आहे. ‘सोसायटीच्या सेक्रेटरींनी वर पाहिलं. साडेआठ.’ हेही.

म्हणजे मी इतकी वर्षं तंबाखूला गुण देत होतो की खिडक्यांना?

हे लिहिलं आणि एकदम हलकं वाटलं, का ते कळत नाही. खरं तर लाज वाटायला हवी. मघाशी मी स्वतःची जी काय कीव करत होतो ती वाचली तर त्यात नंदा कुठे आहे? ती बिचारी इतकी वर्षं धुरकट दुधाच्या वासात कपडे वाळवतेय. तिच्या नाकाने हात टेकले. माझ्याही टेकले. फरक एवढाच, की ती विरजण लावून झोपली आणि मी साडेअकराला हिंग हुंगतोय.

मग काय करायचं? लताकिया सोडायचा नाही, ते नक्की. पण काही दिवस बरणीला झाकण. कपाटात मागे चिन्मयने आणलेला फ्लेक पडलाय, नुसता व्हर्जिनिया, वाळक्या गवताच्या वासाचा, धुराचा मागमूस नाही. त्याला वेगळा पाइप काढावा लागेल, कारण या ब्रायरच्या पाइपमध्ये लताकिया इतका मुरलाय की आता त्यात काहीही भरलं तरी तोच बोलतो. लाकूडच ते. भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाजवळची गाठ, उकळून, वर्षभर वाळवून कोरलेली. त्याच्या आतला कोळशाचा थर खरवडून पाहिला तरी वास जात नाही. मक्याच्या कणसाचा पाइप आहे एक, तो स्वस्तातला आणि निष्पाप. फ्लेक त्यात.

फ्लेकला मी याआधी साडेपाच दिलेत. ‘शेजाऱ्यांना चालेल’ असा शेरा. बघू आता.

सुऱ्याला आत्ताच हे सगळं मेसेज केलं. तोही जागाच होता. त्याचं उत्तर:

‘अरे नाकाला पंधरा दिवस सुट्टी दे, येतं परत. माझं आलं होतं. वहिनींचंही येईल, मग ओरडतील, काळजी करू नकोस. तोपर्यंत ती बरणी माझ्याकडे ठेव. तुझ्याकडे राहिली तर तू उघडशील.’

सुऱ्याकडे बरणी ठेवायची म्हणजे मांजराला शिंकं दाखवायचं. त्याला लिहिलंय, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली नंदाकडे देतोय. त्यावर त्याने फक्त अंगठा पाठवलाय आणि लगेच खाली विचारलंय, उद्या दुपारी वहिनी घरी आहेत का.