गुलाबी मतपत्रिका

4 जुलै 2024 ला, ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत, माझ्या मतदान केंद्रावर एक मत असं पडलं, की ते मोजलं जाणार नाही हे मत देणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी आम्ही दोघांनी सगळे सोपस्कार नीट पार पाडले. ते योग्य होतं का, याचा माझ्या मनात अजून निकाल लागलेला नाही.

मी स्कॉटलंडमधल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, कर खात्यात नोकरी करतो. निवडणूक आली की आमच्यातले बरेच जण चार जादा पैशांसाठी ड्यूटी घेतात. मी केंद्राध्यक्ष असतो. गुप्ततेच्या अटी मान्य कराव्या लागतात, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही आणि त्या माणसाच्या ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत.

सकाळी सात ते रात्री दहा, मधे सुट्टी नाही. रिकामी पेटी उपस्थितांना उघडून दाखवायची, सील लावायचं आणि बसायचं. एक कारकून मतदारयादीत पट्टी धरून नाव खोडतो, दुसरा मतपत्रिका देतो. लोकांना सहसा माहीत नसतं, की इथे प्रत्येक मतपत्रिकेच्या मागे क्रमांक छापलेला असतो आणि तो क्रमांक कोणाला दिला हे एका वेगळ्या तक्त्यात लिहिलं जातं. म्हणजे कोर्टानं हुकूम दिला तर कोणाचं मत कुठे गेलं ते शोधून काढता येतं. तो तक्ता सीलबंद होऊन वर्षभर ठेवतात. शाई नाही, यंत्र नाही. जाड पेन आणि फुली. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक इथे राहत असतील तर त्यांनाही मत असतं. त्या दिवशी सकाळी एका भारतीय विद्यार्थिनीनं फुली मारून झाल्यावर सवयीनं डावं बोट माझ्यापुढे धरलं. मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं, कारण दीड-अडीच महिन्यांपूर्वी महाराष्ट्रात लोकसभेचं मतदान झालं तेव्हा आम्हा दोघांनाही इथे बसून काही करता आलं नव्हतं.

दिवसभराचं मुख्य भांडण ओळखपत्राचं. वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, निवडणुकीला फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, होलीरूडच्या, म्हणजे स्कॉटिश संसदेच्या, आणि कौन्सिलच्या निवडणुकीला लागत नाही. तीच पेटी, तोच चर्चचा हॉल, तीच आम्ही माणसं. साठीपुढच्यांचं बसचं कार्ड चालतं, तरुणांचं यंग स्कॉट कार्ड चालतं, विद्यापीठाचं कार्ड चालत नाही. हे नियम आमच्यापैकी कोणी केले नाहीत, पण शिव्या आम्हीच खातो.

आता टपाली मतदानाबद्दल. तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी 22 मे रोजी भर पावसात निवडणूक जाहीर केली तेव्हा स्कॉटलंडच्या शाळा कधी सुटतात हे लंडनमध्ये कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. इथल्या बहुतेक शाळांना जूनअखेर सुट्टी लागते. 4 जुलै म्हणजे अर्धं गाव स्पेनच्या किनाऱ्यावर. लोकांनी टपाली मतासाठी अर्जांचा पाऊस पाडला. अर्जाची मुदत 19 जून. उमेदवारी अर्ज 7 जूनपर्यंत घेतलेले, त्यानंतर छपाई, लिफाफे, टपाल. पाकिटं उशिरा येऊ लागली. एडिनबरामध्ये सुट्टीवर निघालेल्यांसाठी सिटी चेंबर्स या पालिकेच्या इमारतीत खास सोय उघडावी लागली. स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख, जॉन स्विनी यांनी तारखेवर आणि पाकिटांवर जाहीर नाराजी व्यक्त केली. पक्ष बाजूला ठेवला तरी त्या बाबतीत त्यांचं बरोबर होतं.

तो संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आला. पन्नाशीचा, खांद्यावर मोठी बॅग, डोळे तारवटलेले. उत्तर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम करणारा. दुपारचं हेलिकॉप्टर धुक्यामुळे अडकलं, ॲबर्डीनला उतरला, तिथून गाडी, स्टेशनवरून थेट आमच्याकडे. ड्रायव्हिंग लायसन्स पुढे केलं. कारकून बाईंनी यादीत नाव शोधलं आणि पट्टी तिथेच थांबवून माझ्याकडे पाहिलं. नावाशेजारी ‘ए’ होता. म्हणजे टपाली मतदार.

"पाकीट आलंच नाही," तो म्हणाला. "मी निघालो तोवर नव्हतं. बायको रोज दार बघते."

टपाली मतदाराला केंद्रावर साधी मतपत्रिका देता येत नाही. हा नियम मूर्खपणाचा नाही. त्याचं पाकीट कोणी भरून पाठवलं असेल तर एका माणसाची दोन मतं होतील. पाकीट मिळालं नसेल तर मतदानाच्या दिवशी पाच वाजेपर्यंत निवडणूक कार्यालयातून दुसरं मिळतं. पाच वाजता तो कुठे होता? आगगाडीत.

पाचनंतर अशा मतदाराला एकच गोष्ट मागता येते: टेंडर्ड बॅलट. आपल्याकडे यालाच प्रदत्त मत म्हणतात. मी पुस्तिका उघडली. विचारायचे प्रश्न कायद्यात ठरलेले आहेत, शब्द बदलायचे नाहीत. "तुम्ही टपालानं मत देण्यासाठी अर्ज केला होता का?" हो. पुढचा प्रश्न: "तुम्ही टपालानं मत का दिलं नाही?" नुकतंच सगळं सांगून झालेल्या माणसाला तोंड वर करून हे विचारायचं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी चेष्टा करतोय. मग पुन्हा शांतपणे सांगितलं: पाकीट आलं नाही.

टेंडर्ड बॅलटची ती गुलाबी पत्रिका देण्याआधीच मी त्याला सांगून टाकलं की ही मोजणीत धरत नाहीत. निकालाला कोर्टात आव्हान मिळालं आणि कोर्टाला जरूर वाटली, तरच ही पाकिटं उघडतात. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग तेलाबद्दल बोलायला लागला: नवे परवाने बंद, जादा कर, आमच्या नोकऱ्यांचं काय. लेबर पक्षाच्या जाहीरनाम्यात नवे परवाने न देण्याचं वचन होतं, त्यामुळे प्लॅटफॉर्मवर दुसरा विषय नसणार. मला त्याला थांबवावं लागलं; केंद्रात राजकारण बोलायचं नाही, माझ्याशी तर नाहीच. "बरोबर आहे, पॅल," म्हणाला आणि हात पुढे केला. "दे ती पत्रिका."

आडोशात जाऊन फुली मारली, घडी घातली, पेटीकडे निघाला. मला उठून मधे जावं लागलं. ती पत्रिका पेटीत टाकत नाहीत, केंद्राध्यक्षाच्या हातात देतात. आणि केंद्राध्यक्ष तिच्या मागे मतदाराचं नाव आणि यादीतला क्रमांक लिहितो. हे मी त्याच्यासमोर केलं. साध्या मतदारानं आपल्या मतपत्रिकेवर नाव लिहिलं तर मोजणीत ती बाद होते. याच्या मतावर नाव मीच लिहीत होतो, सुवाच्य अक्षरात, स्पेलिंग लायसन्सवरून ताडून. घडी उघडू नये म्हणून अंगठा दाबून धरला होता. मग वेगळा लिफाफा, वेगळ्या यादीत नोंद.

"आता मी मत दिलं असं म्हणायचं की नाही?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, नोंद झाली आहे. हे उत्तर मलाच आवडलं नाही.

रात्री दहाला दारं बंद करून हिशोब लावला: दिलेल्या, बाद, उरलेल्या, आणि टेंडर्ड, एक. मोजणी केंद्रावर तो लिफाफा घेणाऱ्या मुलानं वर बघितलंही नाही, पोत्यात टाकला. त्या रात्री स्कॉटलंडच्या 57 जागांपैकी लेबरनं 37 घेतल्या, स्कॉटिश नॅशनल पार्टी (एसएनपी) 9 वर आली. आमच्या मतदारसंघात फरक इतका मोठा होता की एका मतानं काही बिघडत नव्हतं.

कारकून बाई निवृत्त शिक्षिका आहेत, माझ्याहून कितीतरी जास्त निवडणुका बघितलेल्या. त्यांच्याशी माझा वाद अजून चालू आहे. त्या म्हणतात, त्यानं विचारलं नव्हतं, तू आधीच का सांगितलंस? थकलेला माणूस आला, हक्काचं मत देऊन समाधानानं घरी गेला असता. मी म्हणतो, लपवलं असतं तर ते मत म्हणजे माणसाला दारातून शांतपणे काढून देण्याची युक्ती झाली असती. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे 2017 चा नॉर्थ ईस्ट फाइफ मतदारसंघ: तिथे एसएनपीचे स्टीव्हन गेथिन्स 13,743 विरुद्ध 13,741, फक्त दोन मतांनी निवडून आले होते. असा निकाल लागला असता तर तुझा लिफाफा उघडायची वेळ येऊ शकली असती, मग मोजत नाहीत असं ठाम कसं सांगितलंस?

मी त्याला कोर्टाचंही सांगितलं होतं. पण त्यानं त्यातलं किती ऐकलं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि बाईंना हे पक्कं माहीत आहे.