कॅमची डिग्री विचारली की दुकानदार चिडतो

माझी कास्ट आयर्न बुलेट, 350 ची. दोघं बसून तुळजापूरच्या घाटाला लागलो की तिसऱ्या गिअरमध्ये जीव सोडायची. मला टॉप स्पीड नको होता, 40 ते 70 मध्ये ओढ हवी होती. म्हणून कॅम, म्हणजे इंजिनाचे वाल्व उघडणारा दांडा, बदलायचं ठरवलं. खोलाखोली आमच्या चाचा मिस्त्रींनी एका दिवसात उरकली. अडलो एका आकड्यावर.

दुकानदार म्हणाला, "280 चा रेस कॅम आहे, पिकअप डबल." मी विचारलं, 280 अंश ड्युरेशन, म्हणजे क्रँक किती अंश फिरेपर्यंत वाल्व उघडा राहतो ते, कुठून मोजलेत? वाल्व हलायला लागल्यापासून, की 1.27 मिलिमीटर उचलल्यावर? दोन्हींत 40-50 अंशांचा फरक सहज पडतो. आणि इनलेट, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारा वाल्व, बंद कधी होतो?

खरी गोम तिथेच आहे. पिस्टन वर यायला लागला तरी इनलेट उघडा राहिला, तर कमी आरपीएमला आत आलेलं मिश्रण उलटं कार्बोरेटरकडे जातं. जास्त आरपीएमला आत येणाऱ्या हवेला जोर असतो, तिथे तोच उशीर फायद्याचा. घाटात ओढ हवी असेल तर ड्युरेशन कमी, ओव्हरलॅप (दोन्ही वाल्व एकदम उघडे असण्याचा काळ) कमी आणि इनलेट लवकर बंद. एवढंच मला कागदावर हवं होतं.

"ओ साहेब, गाडीत टाकायचाय का परीक्षेला बसायचंय?"

मग "कागद येतोय". सोमवारी येतोय, मालक गावाला गेलेत, व्हॉट्सॲपला टाकतो. सतरा दिवस! गाडी उघडी पडलेली, मी सोलापुरात रिक्षाने सात रस्ता ते एमआयडीसी हिंडतोय. शेवटी कंटाळून कागदाविनाच घेतला. चूक माझीच. बसवला, तर खालची ओढ होती तीही गेली. घाटात थेट दुसरा.

अक्कलकोट रोडला लेथवर काम करणाऱ्या मित्राकडून वाल्वची उचल मोजायला डायल गेज आणला, क्रँकला कागदी डिग्री चकती चिकटवली. (टीडीसी, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा, नजरेने धरू नका. प्लगच्या भोकातून पिस्टनला अडवणारा स्टॉप घाला, हाताने हळू दोन्हीकडून अडेपर्यंत फिरवा, दोन आकड्यांचा मध्य घ्या.) जुन्या कॅमपेक्षा याचा इनलेट 14 अंश उशिरा बंद होत होता. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "मग वाढलंय की!"

दुसऱ्या दुकानात आकड्यांचा कागद कॅमच्या डब्यातच होता. कमी ड्युरेशनचा घेतला. आता घाट तिसऱ्यात चढतो.

हां, टॅपेटचं, म्हणजे कॅमवर घासत वाल्वला ढकलणाऱ्या तुकड्याचं, राहिलंच. नव्या कॅमवर जुने टॅपेट घालू नका, त्यांची घासण जुन्या कॅमप्रमाणे झालेली असते. लोबला (कॅमच्या उंचवट्याला) मोली पेस्ट, म्हणजे घासण कमी करणारं वंगण, लावा. पहिल्यांदा चालू केल्यावर आयडलला सोडू नका, 2000 आरपीएमच्या आसपास थोडा वेळ धरा. मी रविवारी सकाळी सातला धरली होती. समोरच्या काकू अजून बोलत नाहीत.